नोंदी गोळा करणाऱ्याला पगार हवा

"मॅडम, दुसऱ्या बाजीरावाविषयी तुमच्याकडे काहीच नाही?"

औशाहून आलेला एक संशोधक विद्यार्थी माझ्या टेबलापाशी उभा होता. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात तेव्हा आम्ही एक छोटी सोय केली होती. पुण्यातल्या काही संस्थांनी आपापले संग्रह डिजिटल केले होते. त्यांच्या नोंदी आमच्या एका संगणकावर गोळा व्हायच्या आणि वाचकाला त्या एकाच ठिकाणी शोधता यायच्या. मुलानं 'दुसऱ्या बाजीरावाच्या' असे शब्द टाकले होते आणि पडद्यावर 'एकही नोंद सापडली नाही' असं आलं होतं. नोंद आहे हे मला ठाऊक होतं. त्याच आठवड्यात मी ती मूळ संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतः पाहिली होती.

ग्रंथालय बंद झाल्यावर मुलानं टाकलेला शब्द आणि नोंदीतला शब्द शेजारीशेजारी ठेवून मी एकेक अक्षर उलगडलं. डोळ्यांना दोन्ही 'दुसऱ्या' अगदी सारखे दिसत होते, पण आतली घडण वेगळी होती. मुलानं टाइप केलेल्या शब्दात 'ऱ' हे युनिकोडमधलं, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीतलं, स्वतंत्र अक्षर होतं, मग हलन्त, मग 'य'. संस्थेच्या नोंदीत साधा 'र', हलन्त, त्यापुढे जोडणीचं एक न दिसणारं चिन्ह आणि मग 'य'. कोणता कीबोर्ड वापरला यावर हे ठरतं, टाइप करणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. एकाच अक्षराची दोन रूपं एकत्र आणण्याचे युनिकोडचे ठरलेले नियम आहेत, पण ही जोडी त्या नियमांत बसत नाही. ती आपली आपणच हाताळावी लागते. म्हणजे 'शेतकऱ्यांचा', 'वऱ्हाड', 'कऱ्हाड', 'गुऱ्हाळ' हे सगळे शब्द शोधाच्या जाळीतून निसटत होते आणि आम्हाला वर्षभर ते कळलं नव्हतं.

आमच्या संगणक विभागातल्या एका सहकाऱ्यानं चार ओळी लिहून ते दुरुस्त केलं. दुसऱ्या दिवशी मुलाला एका शोधात सात नोंदी दिसल्या, त्या तीन वेगवेगळ्या संस्थांमधल्या होत्या. पुढच्या उन्हाळ्यात कॉलेजचे संगणक बदलले. ज्या यंत्रावर ही सोय चालत होती ते कंत्राटदाराच्या माणसानं पुसून नवं करून दिलं. त्याच्या पोटात काय आहे हे त्याला कोणीच सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्याला दोष देण्यात अर्थ नाही. सोय बंद करा असा आदेश कधी निघाला नाही, कारण सुरू करा असाही कधी निघाला नव्हता.

हे सगळं सांगायचं कारण असं, की पुण्याला आपल्या संस्थांचा ठेवा एकत्र शोधता यावा असं वाटत असेल, तर नोंदी गोळा करणारं मुक्त सॉफ्टवेअर शहरातल्या संस्थांनी मिळून आपल्या सर्व्हरवर चालवलं पाहिजे, मराठीसाठी ते स्वतः घडवलं पाहिजे आणि या कामाला कायमची, पगारी माणसं नेमली पाहिजेत. पहिल्या दोन गोष्टींना सहसा कोणी विरोध करत नाही. तिसरी निघाली की बैठकीत शांतता पसरते, आणि माझं म्हणणं त्या तिसऱ्या गोष्टीबद्दलच आहे.

हार्वेस्टर म्हटलं की आपल्याकडे ऊस तोडणारं यंत्र डोळ्यांपुढे येतं. ग्रंथालयाच्या जगातला हार्वेस्टर म्हणजे ठिकठिकाणच्या डिजिटल संग्रहांकडे जाऊन त्यांच्या नोंदी आणणारा प्रोग्रॅम. तो पुस्तक आणत नाही, हस्तलिखिताचं चित्रही आणत नाही. फक्त कार्ड आणतो: नाव, कर्ता, वर्ष, विषय, भाषा, आणि मूळ वस्तू कुठे आहे त्याचा पत्ता. वाचक पत्त्यावर टिचकी मारतो आणि मूळ संस्थेच्या दारात पोचतो. जुन्या ग्रंथपालांना संयुक्त तालिका हा शब्द माहीत आहे. ती आता रोज आपोआप ताजी होते एवढाच फरक.

याची मुळं भौतिकशास्त्रज्ञांच्या गरजेत आहेत. पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ मध्ये लॉस अलामॉसला छपाईपूर्व शोधनिबंधांचा संग्रह सुरू केला, तो पुढे 'अर्काइव्ह' म्हणून जगभर गेला. त्याच्यासारखे संग्रह वाढत गेले तशी ते एकत्र शोधायचे कसे ही अडचण उभी राहिली. ऑक्टोबर १९९९ मध्ये अमेरिकेत सांता फे इथं बैठक झाली, तिच्यातून 'ओपन आर्काइव्ह्ज इनिशिएटिव्ह' निघालं. त्यांनी नोंदी देण्या-घेण्याची जी रीत ठरवली ती ओएआय-पीएमएच. पहिली आवृत्ती जानेवारी २००१ ची, दुसरी जून २००२ ची, आणि आजही तीच दुसरी चालते. वीस वर्षांहून जास्त काळ न बदलता कामाला येणारी रीत संगणकाच्या जगात विरळा.

ती टिकली कारण ती साधी आहे. गोळा करणाऱ्यानं विचारायचे प्रश्न अवघे सहा. तू कोण? तुझ्याकडे नोंदी कोणकोणत्या साच्यांत मिळतात? तुझ्या संग्रहात गट कोणते? नुसते क्रमांक दे. पूर्ण नोंदी दे. ही एवढी एक नोंद दे. नोंदी कमीत कमी एका साच्यात द्याव्याच लागतात, तो पंधरा रकान्यांचा डब्लिन कोअर. नावातलं डब्लिन अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं, तिथं १९९५ मध्ये झालेल्या कार्यशाळेतून हा साचा आला. पहिल्या वेळी सगळ्या नोंदी आणायच्या, त्यानंतर रोज 'काल रात्रीपासून नवं काय?' एवढंच विचारायचं. नोंदी जास्त असतील तर देणारा शंभरेक हातावर ठेवतो आणि एक टोकन देतो. ते दाखवलं की पुढच्या शंभर मिळतात. बँकेच्या खिडकीपाशी टोकन घेऊन बसलेल्या कोणालाही हे समजावं लागत नाही.

आता हे पुण्यात ठेवून पाहा. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चं, सदाशिव पेठेत. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ चं. गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० ची. डेक्कन कॉलेज येरवड्याला, विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय गणेशखिंडीत. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, पुणे मराठी ग्रंथालय १९११ चं. यांखेरीज पेठांमधले ट्रस्ट, जुन्या शाळा, घराण्यांची दप्तरं आहेत ती वेगळीच. प्रत्येकाची तालिका निराळी आणि ती पाहण्याची रीतही निराळी. गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयानं दुर्मिळ पुस्तकांचा डिजिटल संग्रह डीस्पेसवर ठेवला आहे. डीस्पेस हे एमआयटी आणि ह्यूलेट-पॅकार्डनं २००२ मध्ये काढलेलं मुक्त सॉफ्टवेअर, त्यात ओएआय-पीएमएच मुळातच असतं. ज्या संस्था अजून तिथवर पोचलेल्या नाहीत त्यांच्याकडे निदान याद्या आहेत. कच्चा माल पडून आहे, तो एका जागी आणणारं कोणी नाही.

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरं धुंडाळत होते. त्यांनी १९१० मध्ये मंडळ काढलं ते पुण्यात, आणि १९२६ च्या ३१ डिसेंबरला ते वारले धुळ्यात. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात उभं राहिलं. एका माणसानं जन्मभर गोळा केलेले कागद दोन शहरांत आहेत. राजवाड्यांवर काम करणाऱ्याला कुठला कागद कुठे हे एका शोधात कळू नये, याची मला खंत वाटते.

आणि पुण्यातली खरी अडचण अंतराची नाहीच, ती ओळखीची आहे. कोणत्या संस्थेत काय आहे हे इथं आजवर ओळखीनंच कळत आलं. ज्याचे मार्गदर्शक पुण्यातले, ज्याचे काका कुठल्या तरी कार्यकारिणीवर, त्याला एका फोनवर कळतं. औशाचा मुलगा रिक्षानं तीन दिवस फिरतो, प्रत्येक ठिकाणी अर्ज लिहितो, आणि चौथ्या दिवशी त्याला समजतं की हवी ती गोष्ट पहिल्याच संस्थेत होती, फक्त तालिकेत वेगळ्या नावाखाली. रंगनाथन यांच्या पंचसूत्रांतलं चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतं. आम्ही ते परीक्षेत लिहून पास झालो. एकत्रित, सर्वांना खुली तालिका ही माझ्या दृष्टीनं आधी न्यायाची गोष्ट आहे आणि मग सोयीची.

मग हे काम केंद्राच्या पातळीवर होतंय, ते पुरेसं नाही का? आयआयटी खरगपूरनं उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ पासून देशाला खुलं आहे. विद्यापीठांचे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या 'शोधगंगा'त जातात. दोन्ही कामं मोठी आहेत, मी रोज वापरते. पण देशभरच्या सगळ्या भाषा सांभाळणारा माणूस आपल्या 'ऱ्य'पाशी थांबून विचार करेल अशी अपेक्षा धरणं त्याच्यावर अन्याय आहे. मराठी नोंदींच्या खोडी मराठी माणसालाच दिसतात, आणि त्या किती आहेत हे नोंदी एकत्र आल्याशिवाय कळत नाही.

आमच्या त्या छोट्या प्रयोगात आम्हाला जे दिसलं त्यातलं थोडं सांगते. वर्षाप्रमाणे क्रम लावला तर काही पुस्तकं १८२० सालची म्हणून वर येत होती. पेशवाई बुडून दोन वर्षं झालेली, तेव्हा ही छापील मराठी पुस्तकं कुठून आली? ती होती शके १८२० ची, म्हणजे १८९८-९९ ची. कोणी तरी मुखपृष्ठावरचा आकडा जसाच्या तसा उतरवला होता आणि 'शके' हा शब्द रकान्यात बसत नाही म्हणून गाळला होता. माणूस पाहता क्षणी ओळखतो. यंत्राला शिकवावं लागतं, की प्रकाशकाचं नाव, विषय, मजकूर पाहून जिथं शंका येईल तिथं अठ्ठ्याहत्तर मिळवून पाहा आणि नोंद माणसाकडे तपासायला पाठव. आपणहून बदलू नकोस.

दुसरी गोष्ट शुद्धलेखनाची. राजवाड्यांचे खंड 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' अशा अनुस्वारांसह छापले गेले. १९६२ च्या नियमांनंतर ते अनुच्चारित अनुस्वार गेले. आजचा विद्यार्थी 'साधने' लिहितो, जुन्या तालिकेत 'साधनें' आहे, आणि दोघांची गाठ पडत नाही. १९६२ च्या आधीचं जवळजवळ सगळं मराठी छापील वाङ्मय या एका टिंबामुळे आजच्या वाचकापासून दूर राहतं. शोधासाठी अनुस्वार बाजूला ठेवावा म्हटलं तर 'नांव' आणि 'नाव' जुळतात, पण 'अंग' आणि 'अग' सुद्धा जुळतात. म्हणजे नियम हवा तो नीट विचार करून, शब्दाच्या शेवटी वेगळा आणि मध्ये वेगळा. तो ठरवायला भाषेचा जाणकार आणि प्रोग्रॅमर एका टेबलाशी बसले पाहिजेत.

कर्त्याच्या नावांबद्दल काय सांगावं. 'वि. का. राजवाडे', 'विश्वनाथ काशिनाथ राजवाडे', 'राजवाडे, वि. का.', 'इतिहासाचार्य राजवाडे', शिवाय रोमन लिपीत 'व' कोणी डब्ल्यूनं लिहिलेला, कोणी व्हीनं, मध्ये एखादा जादा 'ए'. यंत्राच्या लेखी ही सहा-सात माणसं. इंग्रजी 'ॲ'चीही तीच कथा. २००८ मध्ये युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा मिळाली, त्याआधीच्या नोंदींत तो 'अ'वर चंद्र ठेवून केलेला आहे, आणि दोन्ही दिसतात एकसारखे.

यांतली एकही गोष्ट बाहेरून विकत घेतलेल्या बंद सॉफ्टवेअरमध्ये आपल्याला दुरुस्त करता येत नाही. विनंती करायची, पुढच्या आवृत्तीची वाट पाहायची, आणि मराठीची बाजारपेठ केवढी हे ऐकून घ्यायचं. मुक्त सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर आपल्या हातात असतो. तो वाचता येतो, बदलता येतो, बदललेला दुसऱ्याला देता येतो. आमच्या चार ओळी शक्य झाल्या त्या यामुळेच. भाषेच्या कामासाठी मुक्त सॉफ्टवेअर हा माझ्या मते आवडीनिवडीचा प्रश्न उरतच नाही. दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही.

पण मुक्त आहे म्हणून ते आपोआप जगतं असं नाही, आणि इथंच आपल्याकडचे बहुतेक प्रयत्न बसतात. कॅनडातला पब्लिक नॉलेज प्रोजेक्ट १९९८ मध्ये ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात सुरू झाला. जगभर हजारो नियतकालिकं आज ज्यावर चालतात ते ओपन जर्नल सिस्टिम्स त्यांचंच. त्यांनी मुक्त हार्वेस्टरही काढला होता, आपल्या देशातल्या काही ग्रंथालयांनी तो वापरला. पुढे त्यांचं बळ नियतकालिकांच्या सॉफ्टवेअरकडे गेलं आणि हार्वेस्टरचा विकास थांबला. त्यांनी कोणाची फसवणूक केली नाही. त्यांच्याकडे माणसं मोजकी आणि कामं दोन, त्यांनी एक निवडलं. ज्यांनी तो वापरला त्यांच्यापैकी कोणी पुढे होऊन 'आता आम्ही सांभाळतो' असं म्हणायला हवं होतं. मजकूर खुला होता, परवाना खुला होता, अडवणारं कोणी नव्हतं.

न सांभाळलेलं सॉफ्टवेअर आहे तिथंच राहत नाही, आजूबाजूचं जग त्याच्याखालून सरकतं. डिसेंबर २०१५ मध्ये पीएचपीची, म्हणजे असंख्य संकेतस्थळं जिच्यात लिहिलेली आहेत त्या संगणकीय भाषेची, सातवी आवृत्ती आली, तिच्यातून डेटाबेसशी बोलण्याची जुनी मायएसक्यूएलची फंक्शन्स काढून टाकली होती. काढण्यामागे कारण रास्त होतं. पण जगभरचे असंख्य जुने प्रोग्रॅम, ज्यांच्या एका अक्षरालाही कोणी हात लावला नव्हता, ते सर्व्हर अद्ययावत होताच उभे राहीनात. सर्व्हर अद्ययावत करू नये तर सुरक्षेला भोक. अशा वेळी ग्रंथालयात एकच माणूस असा हवा ज्याचं हे काम आहे आणि ज्याला ते न केल्याबद्दल विचारता येईल.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून भुयारी नळानं पुण्यात पाणी आणलं. ते शनिवारवाड्याकडे गेलं, तसं वाटेतल्या पेठांच्या हौदांत पडलं. काळा हौद, बदामी हौद ही नावं अजून जिभेवर आहेत. त्या नळावर जागोजागी उच्छ्वास बांधलेले होते. हवेचा दाब मोकळा व्हायचा आणि गाळ काढायला माणूस आत उतरू शकायचा. नळ घालतानाच त्यांनी गाळ येणार हे धरलं होतं, त्याला जागा ठेवली होती. आपल्या डिजिटल प्रकल्पांच्या अंदाजपत्रकात यंत्र असतं, स्कॅनर असतो, उद्घाटन असतं. गाळ काढणाऱ्याची ओळ नसते. त्याच शहरात १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांना आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करावा लागला, हेही मी विसरू शकत नाही. पाणी शहरात येऊन पोचलं म्हणजे ते सगळ्यांना मिळालं असं होत नाही. सर्व्हर कोणाच्या मालकीचा, शोध कोणाला खुला, नोंदी पुन्हा उतरवून घ्यायची मुभा कोणाला, हे पहिल्या दिवशी लिहून ठरवायला हवं.

हा पगारी माणूस रोज करेल काय, असं मला एका विश्वस्तांनी मनापासून विचारलं होतं. सकाळी येऊन रात्रीच्या कापणीचा अहवाल वाचेल. एका संस्थेकडून चारशे नोंदी यायच्या होत्या, तीनशेच आल्या. का? चौथ्या शंभरातल्या एका नोंदीत कोणी तरी पीडीएफमधून सारांश चिकटवला, त्यासोबत एक न दिसणारं नियंत्रण-चिन्ह आलं, नोंदी ज्या रूपात पाठवल्या जातात त्या एक्सएमएलला ते चालत नाही, म्हणून त्या एका नोंदीपायी शंभरची शंभर नाकारली गेली. मग तो त्या ग्रंथालयात फोन लावेल. "ताई, तुमच्या अमुक क्रमांकाच्या नोंदीत सारांशाच्या दुसऱ्या ओळीत काही तरी अडकलंय, तो शब्द पुसून पुन्हा टाइप करता का?" पाच मिनिटांचं काम. पण फोन न लावल्यास त्या संस्थेच्या नोंदी तिथून पुढे येणं बंद होतं, आणि कोणाला कळत नाही, कारण शोधात काही तरी दिसतच राहतं. एखाद्या संस्थेनं नोंद काढून टाकली आणि काढल्याची खूण ठेवली नाही, तर आपल्याकडे तिचं भूत राहतं. वाचक टिचकी मारतो आणि कुठेच पोचत नाही. दर काही महिन्यांनी पुन्हा सगळं आणून ताडून पाहावं लागतं. हे काम जिकिरीचं आहे, त्यात टाळ्या नाहीत, आणि हौशी माणसावर ते सोपवणं बरोबर नाही. हौशी माणसाची मुलगी दहावीला जाते, त्याची बदली होते, त्याचे डोळे दुखायला लागतात.

विद्यार्थ्यांकडून करून घ्या, असाही सल्ला येतो. पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प दर वर्षी शेकड्यानं होतात, त्यांत डिजिटल ग्रंथालय नेहमी असतं. काळ्या बांधणीचे, सोनेरी अक्षरांचे अहवाल आमच्या कपाटात उभे आहेत. प्रोग्रॅम कुठे आहे विचारलं तर सीनिअरच्या लॅपटॉपवर होता असं उत्तर मिळतं. मुलं हुशार आहेत, दोष त्यांचा नाही. दर वर्षी शून्यापासून नवं करा असं आपणच सांगतो. त्याऐवजी चालू असलेल्या मुक्त सॉफ्टवेअरमधली एक खरी अडचण सोडवा, ती दुरुस्ती मूळ प्रकल्पात स्वीकारली जाईपर्यंत पाठपुरावा करा, आणि ती स्वीकारली गेली म्हणजे प्रकल्प पूर्ण, असं विद्यापीठानं मान्य करावं. अनुस्वाराचा नियम हा एका चांगल्या गटाचं वर्षभराचं काम आहे. फक्त त्यांना शिकवायला, त्यांचं काम तपासायला तोच पगारी माणूस लागेल.

आणि दुरुस्ती मूळ प्रकल्पात परत पाठवणं यावर मी अडून बसेन. आम्ही ते केलं नाही, ही आमची चूक. चार ओळी आमच्याच यंत्रावर राहिल्या आणि यंत्राबरोबर गेल्या. त्या मूळ ठिकाणी पोचल्या असत्या तर नागपूरच्या, बेळगावच्या, बडोद्याच्या ग्रंथालयाला त्या आपोआप मिळाल्या असत्या. शिवाय आपल्यापुरते बदल करत बसलं की दोन वर्षांत आपली प्रत मूळ प्रकल्पापासून इतकी लांब जाते की नवी आवृत्ती घेताच येत नाही.

गूगल असताना हे कशाला, हा प्रश्न मला तरुण सहकारी विचारतात. गूगल पानं वाचतं, नोंदी नाही. एके काळी ते ओएआय-पीएमएचनं दिलेल्या याद्या स्वीकारत होतं, २००८ मध्ये त्यांनी ते बंद केलं. शोधपेटीच्या मागे दडलेली तालिका त्याला दिसेलच असं नाही, आणि उद्या ते काय दाखवेल यावर आपला ताबा नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मजकूर उचलणारे बॉट छोट्या संस्थांच्या सर्व्हरवर इतक्या वेळा येऊन आदळतात की खऱ्या वाचकाला पान उघडत नाही. हार्वेस्टर रात्री एकदा येतो, आपली ओळख सांगतो, कालपासूनचं नवं मागतो, टोकन दाखवून रांगेत घेतो आणि जातो.

संस्थांची भीती मात्र मी हलकी मानत नाही. ५ जानेवारी २००४ ला भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, हस्तलिखितांची नासधूस झाली. त्यानंतर आपल्याकडे काय आहे हे जाहीर करताना कोणाचाही हात थबकेल. पण त्याच दिवसाकडे मी दुसऱ्या बाजूनंही पाहते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पुण्यातल्या किती तरी घरांत 'ते कागद पानशेतात गेले' हे वाक्य मी ऐकलंय, आणि नेमके कोणते कागद विचारलं की उत्तर नसतं. आपल्याकडे काय होतं याची यादी दुसऱ्या जागी असणं हे पहिलं संरक्षण आहे. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचं मूळ संकेतस्थळ आज नाही. त्यातली मराठी पुस्तकं वाचता येतात ती त्यांच्या प्रती इंटरनेट आर्काइव्हवर गेल्या म्हणून. कार्ड दिल्यानं पोथी जात नाही. जे कार्ड उघड करायचं नाही ते त्या संस्थेनं वेगळ्या गटात ठेवावं आणि तो गट देऊ नये, त्या सहा प्रश्नांतच ही सोय आहे.

पैशाचं म्हणाल तर मागणी मोठी नाही. एक प्रोग्रॅमर, तालिकीकरण जाणणारा एक ग्रंथपाल, एक बेताचा सर्व्हर, त्याची दुसऱ्या जागी रोजची प्रत, आणि डोमेनचं नाव कोणा एका प्राध्यापकाच्या वैयक्तिक मेलवर न घेता संस्थांच्या संघाच्या नावावर. सहभागी संस्थांनी आपल्या आकारमानानुसार वर्गणी द्यावी, म्हणजे कोणी मालक होणार नाही आणि कोणी आश्रितही. उरलेलं राज्यानं द्यावं. आपल्याकडे १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, अनुदानाची रीत बसलेली आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्यानिमित्त भाषेच्या नावानं जे खर्च होतील त्यांत दोन पगारांची ओळ घालायला हरकत काय? सी-डॅक ही केंद्र सरकारची संगणक संशोधन संस्था १९८८ पासून याच शहरात आहे, भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं मोठं काम तिथं झालं. जाणकार बाहेरून आणायला लागणार नाहीत.

सर्व्हर कुठे ठेवायचा यावर भांडण होईल, मी ते आधीच धरलंय. जिथं चोवीस तास वीज आणि जाळं आहे तिथं ठेवावा. त्यात प्रतिष्ठेचा प्रश्न येऊ नये, कारण सगळ्या नोंदी ज्याला हव्यात त्याला पुन्हा याच रीतीनं उतरवून घेता आल्या पाहिजेत. खरगपूरलाही आणि धुळ्यालाही.

त्या चार ओळी सहकाऱ्यानं तेव्हा मला तपासायला मेलवर पाठवल्या होत्या, त्या तिथंच आहेत. मी परवा त्या शोधल्या, गंमत म्हणजे विषयात त्यानं 'दुसऱ्या' असंच लिहिलं होतं. या महिन्यात मी त्या एका चालू मुक्त प्रकल्पाकडे पाठवते आहे. आणि पुण्यातल्या ग्रंथपालांची बैठक जे कोणी बोलावतील, त्यांच्याकडे मी येईन. येताना प्रत्येकानं दोनच गोष्टी आणाव्यात: आपल्या संग्रहाचा ओएआयचा पत्ता, नसेल तर यादी आहे त्या स्थितीत, आणि ज्याला सकाळी फोन करता येईल अशा एका माणसाचं नाव.